लिटल चॅम्प्स की बिग बॉस?

मराठी टीव्हीवरच्या या दोन रिअ‍ॅलिटी शोंत मला विचाराल तर ‘सारेगमप’ या गाण्याच्या स्पर्धेचं 2008-09चं, लहान मुलांचं लिटल चॅम्प्स पर्वच वरचढ. तेव्हा जळगावला आमच्याकडे लोडशेडिंग. लाइट आली की ताटातली कळण्याची भाकरी तशीच ठेवून सगळे टीव्हीपुढे! मुग्धा गायला लागली की आजी लसूण सोलायची थांबायची. आर्या, प्रथमेश, रोहित आणि विजेती कार्तिकी गायकवाड, सगळी आपल्याच घरातली पोरं वाटायची.

‘बिग बॉस मराठी’ 2018पासूनचं. तिथं कला नाही, एका घरात कोंडलेल्या माणसांचा टिकाव बघायचा. 2024मध्ये सूरज चव्हाण जिंकला तेव्हा गावाकडच्या पोरांइतकाच मलाही आनंद झाला. पण रोजची भांडणं मला सोसत नाहीत. या दोघांत सरस कोण याचा पुरस्कार माझ्या हातात असता तर गाण्यालाच दिला असता.