सर्दीनंतर कान बेसूर झाला तर इथे दाखवा

मी मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवतो. फ्लू झाला, ताप उतरला, पण उजव्या कानाचे दडे सुटेनात. वाकलं की गालात ठणका, वरच्या दाढाही दुखायच्या. तेही एक वेळ चाललं असतं. पण जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन एकाच सुरातल्या तारा मिळवायला बसलो, तर डाव्या कानाला जो षड्ज लागत होता, तोच उजव्याला चढा! तार एक आणि सूर दोन. ज्याचं पोट कानावर आहे त्यालाच ही धास्ती कळेल. मेडिकलमधल्या थेंबांनी काही फरक पडेना, म्हणून या दवाखान्यात आलो.

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, ‘भास होत असेल’ म्हणून उडवून लावलं नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. “काका, आवाज कुठल्या कानात येतोय?” डाव्या, म्हणजे चांगल्या कानात. नुसती नाकाकडून कानाकडे जाणारी नळी तुंबली असती, तर आवाज दडे बसलेल्या कानाकडे ओढला गेला असता. तो उलट गेला, म्हणजे दुखणं आतल्या कानाचं, असं त्यांनी तिथल्या तिथे समजावलं.

लगेच शेजारच्या आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री. तिथली मुलगी फार शांतपणे काम करते. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी अडखळलो तिथे तिने तोच सूर पुन्हा दिला. पडद्याच्या दाबाची तपासणी नॉर्मल आली, म्हणजे मागे पाणी नव्हतं. व्हायरल आजारानंतर असं अचानक ऐकू कमी आलं तर पहिले दोन आठवडे मोलाचे असतात, म्हणून शुगर तपासून त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. दाढांचं दुखणं सायनसचं निघालं. त्याला वाफ आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, बस्स. गरज नसताना अँटिबायोटिक लिहून दिलं नाही, हे मला फार आवडलं.

आता षड्ज दोन्ही कानांना एकच लागतो. अगदी वरचे सूर उजवीकडे अजून किंचित दबलेले आहेत, रिपोर्टही तेच दाखवतो.

जिना मात्र फार उभा आहे. चक्कर येत असेल तर सोबत माणूस आणा. संध्याकाळी नंबर लवकर लागत नाही, सकाळी गेलेलं बरं. आणि ऑडिओमेट्रीचा कागद मागून घ्या, पुढच्या तपासणीला ताडून बघायला लागतो.