मुलीला दहा महिने शेळीचं दूध दिलं, त्याचा अनुभव (गाईचं की शेळीचं विचारणाऱ्यांसाठी)

आधीच सांगून टाकतो, 'शेळीचं दूध सुरू केलं आणि सगळे प्रॉब्लेम पळाले' असलं काही मी लिहिणार नाहीये, आणि 'सगळं थोतांड आहे' असंही नाही. पोरगी आता २ वर्षांची झाली, गेले १० महिने घरात शेळीचं दूध आहे आणि मध्ये एकदा आम्ही जाम गंडलो, ते मुख्यतः लिहायचंय.

वर्षाची होईपर्यंत आईचं दूध आणि वरून फॉर्म्युला, साधं दूध प्यायला दिलंच नाही. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की गाय असो की शेळी, वर्षाच्या आत प्यायला नको, कारण दोन्हीत प्रोटीन आणि क्षार आईच्या दुधाच्या तिप्पटच्या आसपास असतात, छोट्या किडन्यांना ते जड जातं, आणि लोह जवळजवळ नसतंच. शेळीच्या दुधापासून बनवलेला फॉर्म्युला वेगळा, त्यात व्हिटॅमिनं, लोह सगळं मोजून घातलेलं असतं, त्याची आणि पातेल्यातल्या दुधाची गल्लत करू नका, मी ऑलमोस्ट केली होती.

वर्ष झाल्यावर गाईचं सुरू केलं आणि बाईसाहेबांना ते इतकं आवडलं की विचारू नका. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या बाटली, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी एक, रात्री एक, प्रत्येकी २४० मिली, म्हणजे लिटरभर झालं की हो, पण तेव्हा हिशोब कोण करतंय, पोर दूध पितंय म्हणून आम्ही खूश. महिन्याभरात शी खड्यासारखी. पडद्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची, तोंड लालबुंद, डोळ्यात पाणी, आणि आम्ही दोघं तिच्यासमोर बसून उगाच 'ये ये, छान' करतोय. आई म्हणाली गाईचं जड पडतंय तिला, शेळीचं दे, हलकं असतं. बायको म्हणाली आधी डॉक्टरांना विचार. मी अर्थातच विचारलं नाही.

सुरुवातीला तीन भाग गाईचं आणि एक भाग शेळीचं असं मिक्स करून दिलं, मग हळूहळू पूर्ण शेळीचं. पूर्ण झालं त्या दिवशी तिने एक घोट घेतला, बाटलीकडे बघितलं आणि ती माझ्या हातात परत दिली. वास! त्या वासाला कारण आहे, शेळीच्या दुधातल्या फॅटमध्ये कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही फॅटी अ‍ॅसिडं गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात, आणि ही नावं मुळात शेळीसाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलीत. तर ती अर्धी बाटली प्यायची, कधी तेवढीही नाही. दोन आठवड्यांत पोट साफ. मी इतका खूश झालो की ऑफिसात, नातेवाईकांत, जो भेटेल त्याला सांगत सुटलो.

आणि इथेच एक मोठी चूक झाली. एका मित्राच्या मुलाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी होती, माझं ऐकून त्याने शेळीचं चमचाभर देऊन पाहिलं आणि अर्ध्या तासात पोराचे ओठ सुजले, अंगभर गांधी. पोरगं ठीक आहे आता, पण मला अजून त्याच्याकडे बघताना कसंतरी होतं. दोन्ही दुधांतली प्रोटीनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊएक मुलांना शेळीचंही चालत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचं हा पर्याय नाहीच, डॉक्टर सांगतील तेच द्या. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसेल तरी शेळीचं हा पर्याय नाही, गाईच्या दुधात ते साधारण ४.७ टक्के तर शेळीच्या ४.३ च्या आसपास, एवढ्याशा फरकाने काय होणार.

मग 'हलकं असतं' हे खोटं का? अगदी खोटं नाही. एका रविवारी मी दोन ग्लासात दोन्ही कोमट दुधं घेऊन प्रत्येकात चमचाभर व्हिनेगर टाकलं. गाईचं फुटलं ते रबरासारखे घट्ट गोळे, चमच्याने दाबले तरी तुटेनात. शेळीचं फुटलं ते बारीक, भुसभुशीत, चमचा फिरवला की विरघळल्यासारखं. अल्फा-एस-१ नावाचं केसिन (दुधातलं एक प्रोटीन) शेळीच्या दुधात साधारणपणे कमी असतं, त्यामुळे ही गुठळी मऊ होते, आणि फॅटचे कणही बारीक असतात. पण ग्लास म्हणजे पोट नव्हे, आणि आमच्याकडे जे झालं त्याचं कारण भलतंच निघालं.

चौथ्या महिन्यापर्यंत तिला त्या वासाची सवय झाली. परत चार बाटल्या. आणि परत तोच पडदा, तेच लाल तोंड! आता मला काही कळेना, दूध तर तेच 'हलकं'. त्यातच ती कुंडीतली माती खायला लागली, आधी वाटलं वयच तसं आहे, पण वर्तमानपत्राचे कोपरेही चघळायची आणि चेहरा फिका दिसायला लागला, तेव्हा बायकोने मला न विचारता सरळ अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी कुठलं दूध हे नंतर विचारलं. पहिला प्रश्न, दिवसाला किती? मी म्हटलं चार बाटल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. हिमोग्लोबिन ९.६ आलं, लोहाचा साठा तळाला.

त्यांनी समजावलं ते असं: दुधात लोह नगण्य, वर दुधातलं कॅल्शियम आणि केसिन इतर जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि लिटरभर दुधाने पोट भरलं की पोर जेवणार कशाला. जेवण नाही म्हणजे फायबर नाही, म्हणून ते खडे. म्हणजे पहिल्या वेळी पोट साफ झालं ते शेळीमुळे नव्हे हो, वास आवडत नव्हता म्हणून दूध निम्म्यावर आलं, भूक लागायला लागली आणि ती जेवायला लागली! मी ज्या गोष्टीचा गावभर डंका पिटला ती एवढीच होती. गाईचंच निम्म्यावर आणलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं.

शेळीचं चालू आहे म्हटल्यावर त्यांनी फोलेट (बी गटातलंच एक व्हिटॅमिन) आणि बी-१२ पण तपासायला लावलं. हे मला अजिबात माहीत नव्हतं. १०० ग्रॅम गाईच्या दुधात फोलेट ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, शेळीच्या जेमतेम १, त्यातलंही उकळताना थोडं जातं, बी-१२ पण बरंच कमी. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत बाळांना नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवायचे त्यांना जो अ‍ॅनिमिया व्हायचा त्याला नावच शेळीच्या दुधाचा अ‍ॅनिमिया पडलं होतं. त्यात रक्तातल्या लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. आमच्या रिपोर्टात लहान होत्या, फोलेट ठीक होतं, म्हणजे आमचा गुन्हा फक्त लोहाचा. लोहाचे थेंब तीन महिने दिले (शी काळी होते, घाबरू नका, आम्ही घाबरलो होतो). कॅल्शियम मात्र शेळीच्या दुधात किंचित जास्तच असतं, ते सांगायला हवं.

रोजच्या वापराचं बोलायचं तर: रंग पांढराशुभ्र, कारण शेळी कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करून टाकते, पिवळी झाक उरतच नाही. साय नावाला येते, आमच्या पोरीला साय तोंडात आली की ओकारी यायची, तिच्यासाठी हा खराखुरा फायदा. मोठ्या आचेवर मात्र फार चिडकं आहे, तळाला लागतं नाहीतर फाटतं, मंद आचेवर ढवळत राहावं लागतं. दही सैल लागतं, ते मी सोडून दिलं. फ्रीजमध्ये तिसऱ्या दिवशी वास चढतो, दूध खराब झालेलं नसलं तरी. बाटलीचं निपल तर कितीही धुवा, नाकाला कळतंच.

एक ओळखीचे गृहस्थ धारोष्ण शेळीचं दूध आणून देतो म्हणाले, औषधी असतं म्हणे. नाही म्हटलं. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना जो ताप यायचा तो बकऱ्यांच्या कच्च्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये कळलं, बकऱ्या दिसायला ठणठणीत होत्या, पुढच्या वर्षी सैनिकांचं ते दूध बंद केल्यावर केसेस एकदम घटल्या. तोच ब्रुसेलोसिस. पाश्चराइज्ड घ्या नाहीतर नीट उकळा, गाईचं असलं तरी.

सध्या बाटली बंद, कपातून दोनदा, सकाळी गाईचं, रात्री शेळीचं, मिळून ४०० मिलीच्या आत, आणि जेवणाच्या तासभर आधी दूध नाही. पडदा मोकळा आहे. तुमच्या पोराला गाईचं पचतंय आणि ते जेवतंय तर बदलायच्या भानगडीत पडू नका, आम्ही शेळीचं ठेवलंय ते सायीमुळे आणि तिला ते आता आवडतं म्हणून, बाकी काही नाही. परवा रात्री गडबडीत मी कपात गाईचं ओतलं. तिने नाक लावून वास घेतला, 'बें बें नाई' म्हणाली, आणि घटाघट पिऊन कप माझ्या हातात दिला.