सागरी संसाधन व्यवस्थापनात एमएस्सी: तीन सहामाह्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल, मग तपशील. किनारी आणि सागरी संसाधन व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी घ्यावी का? हो, घ्यावी. पण डॉल्फिन, प्रवाळ आणि निळंशार पाणी डोळ्यांसमोर ठेवून जाणार असाल तर पहिल्याच सहामाहीत हिरमोड होईल. हा विषय पाण्याखालचा कमी आणि भरतीरेषेवर उभ्या असलेल्या माणसांचा जास्त आहे. बांध कोणाचा, जाळं कोणाचं, परवानगी कोणी दिली आणि कोणी नाकारली, यातच दोन वर्षं जातात. मला ते आवडलं. वर्गातल्या काहींना अजून पचलेलं नाही.

मी वनस्पतिशास्त्रात बीएस्सी करून इकडे आले. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पश्चिम किनाऱ्यावरचं आहे एवढं पुरे. तीन सहामाह्या झाल्या, चौथी प्रबंधाची चालू आहे.

पहिल्या सहामाहीत समुद्रशास्त्राची ओळख, सागरी जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि पाण्याची प्रात्यक्षिकं होती. क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, प्लवक गाळणं, गाळाचे नमुने. कोणत्याही विज्ञान शाखेतून आलेल्याला जमेल असं. संख्याशास्त्राकडे मात्र दुर्लक्ष करू नका. 'आर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर तेव्हाच नीट शिकून घेतलं तर पुढे प्रबंधाच्या वेळी रात्री जागाव्या लागत नाहीत.

भरती-ओहोटीचं गणितही याच सहामाहीत येतं. चंद्र-सूर्याचं आकर्षण, घटक लहरी, सगळं फळ्यावर. चिखलात कधी उतरायचं हे मात्र आम्हाला एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने शिकवलं. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमाराला ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने मागे पडतो आणि पुनव-अवसेला आपल्याकडे भरती बाराच्या आसपास असते, म्हणून हे जुळतं. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे भरतीचं छापील कोष्टक लागतंच. पण कांदळवनात सकाळचं काम ठरवताना आधी कालनिर्णय बघायची सवय लागली ती लागलीच.

दुसऱ्या सहामाहीपासून खरा अभ्यासक्रम सुरू होतो, आणि तिथे जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं आणि मोजण्याचं तंत्र, सगळ्यात उपयोगी. आम्हाला क्यूजीआयएस शिकवलं, तेही मोफत आहे. पहिलाच स्वाध्याय होता एका खाडीची किनाररेषा काढण्याचा. नकाशा जितका जवळून पाहावा तितकी रेषा लांबत जाते, हे हाताने केल्यावरच कळतं. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला. केंद्राच्या नव्या मोजणीत तो ८७७.९७ किलोमीटर आहे. देशाचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेला. जमीन काही वाढली नाही. अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशावर खाड्या-वळणं मोजली गेली, इतकंच. दुसरी अडचण भरतीची. दोन वर्षांच्या उपग्रह-छायाचित्रांत भरतीची वेळ वेगळी असेल तर किनारा झिजला की नुसती ओहोटी होती, हे सांगता येत नाही. वर्तमानपत्रात 'किनारा इतके मीटर आत सरकला' असं वाचलं की मी आता आधी छायाचित्राची वेळ शोधते.

मग कायदा. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना १९९१ची, मग २०११ची, मग २०१९ची. तिन्ही शेजारी ठेवून वाचणं हा या पदवीतला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा भाग. २०११मध्ये खाडीकाठी शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते क्षेत्र धरलं जाई; २०१९मध्ये शंभराचे पन्नास झाले. गावांसाठी पूर्वी भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकामबंदी होती. आता लोकसंख्येची घनता २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१च्या वर असेल तर ती पन्नास मीटरवर येते. अशा एका आकड्यावर कोणाचं घर नियमित होतं आणि कोणाचं हॉटेल उभं राहतं. आमच्याकडे हा विषय पाहुण्या व्याख्यात्यांनी एकामागून एक तासांत उरकला. माझ्या मते त्याला पूर्ण सहामाही हवी. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमपत्रिकेत कायद्याला किती श्रेयांक आहेत ते बघा. दोन असतील तर उरलेलं स्वतः करावं लागेल.

ज्या दौऱ्यासाठी मी या पदवीला पैकीच्या पैकी देईन तो गोव्यातल्या खाजन शेतीचा. खाडीच्या भरतीपातळीपेक्षा खाली असलेली जमीन, भोवती मातीचे बांध आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी दाराची मोरी. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडताना ते उघडतं. पावसाळ्यात आत भात, उरलेल्या दिवसांत मासे-कोळंबी. हे सांभाळायचं काम 'गावकरी' ही गावाची सामायिक संस्था करत असे, तिलाच पुढे कोमुनिदाद म्हणू लागले: बांध कोणी भरायचा, मोरीवरच्या मासेमारीचा लिलाव कधी, पैसा कुठे जायचा. सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वर्गात ते सगळं जरा हवेतलं वाटत होतं, मानशीच्या दाराशी उभं राहिल्यावर वाटेनासं झालं.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि या विषयाची खरी चव पुढेच आहे. आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या खारभूमीलाही, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीला, असेच बांध आहेत. बांधाला खांड पडते, दुरुस्ती वेळेवर होत नाही, खारं पाणी शेतात शिरतं. काही वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात. तिवरं म्हणजे सीआरझेडमधली सगळ्यात संरक्षित श्रेणी; मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८च्या आदेशांनी ती तोडण्याला मनाई आहे. म्हणजे बापजाद्यांपासून भात काढणाऱ्या शेतकऱ्याची जमीन कागदावर शेत आणि प्रत्यक्षात कांदळवन. त्याने बांध पुन्हा घातला तर झाडं मरतील, नाही घातला तर शेत गेलं. वनस्पतिशास्त्रवाली म्हणून मी पहिल्या दिवशी डोळे मिटून तिवरांच्या बाजूने होते. आज विचारलंत तर आधी विचारेन की खांड कधी पडली, दुरुस्तीचा अर्ज कोणी केला होता आणि तो कोणाच्या टेबलावर पडून राहिला. ही प्रश्न विचारण्याची सवय पुस्तकातून लागली नसती.

मत्स्यव्यवस्थापनाचं मात्र उलटं झालं. वर्गात घुमटासारखा आलेख: मासेमारीचा जोर वाढवत गेलं की उत्पादन चढतं, शिखर गाठतं, मग उतरतं. शिखरावर थांबा. गॉर्डन-शेफर प्रारूप हे, १९५४चं. एकाच जातीच्या, एकाच प्रकारच्या बोटींच्या मासेमारीला ते ठीक. आपल्याकडे एका डोलीत, म्हणजे प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी आणि न ओळखता येणारी पिल्लं एकत्र येतात; शिखर कोणाचं धरायचं? म्हणून आता प्रत्येक जातीची किमान लांबी ठरवण्याचा मार्ग आलाय. महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी तशी मर्यादा जाहीर केली, पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. बंदरावर टेप घेऊन उभं राहिल्यावर कळतं की मासा मोजणं सोपं आहे. अवघड आहे ते मेलेला लहान मासा परत टाकून उपयोग काय, या प्रश्नाला उत्तर देणं. उत्तर जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांच्या आकारात आहे, लिलावाच्या ओट्यावर नाही.

मालवणला आम्ही प्रश्नावली घेऊन गेलो होतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर, यांत्रिक बोटीने जाळं फरफटवणारे ट्रॉलरवाले, थव्याभोवती मोठं जाळं टाकणारे पर्ससीनवाले, सगळ्यांना तेच प्रश्न, एक ते पाच गुण. एका वयस्क रापणकराने शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि मग म्हणाला, "गो चेडवा, कागद भरून झालो मां? आता खरां काय तां आयक." त्यानंतरचा तासभर माझ्या वहीतला सगळ्यात चांगला भाग आहे. पर्ससीनवर राज्याने २०१६मध्ये घातलेले निर्बंध, एलईडी दिव्यांची मासेमारी, १९८७मध्ये ३० चौरस किलोमीटरहून थोडं कमी क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालं तेव्हा गावाला काय वाटलं, सगळं. विभागाच्या नियमानुसार गुण मात्र भरलेल्या कागदाला.

आता तक्रारी. बोट नाही. महागडं उपकरण काचेच्या कपाटात आहे आणि ते हाताळायचं तर तीन सह्या लागतात. डायव्हिंग शिकवत नाहीत. हवं असेल तर तारकर्लीला किंवा इतरत्र स्वतःच्या खर्चाने करा. दौऱ्यांचा खर्च शुल्कात धरलेला नसतो, तो आधी विचारून घ्या. पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं कॅनडा-नॉर्वेच्या कॉड माशाची; आपल्या तारली-बांगड्यावरचं वाचायचं तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची प्रकाशनं स्वतः उतरवून घ्या, ती खुली आहेत. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा घ्या, उपग्रह-छायाचित्रं आठवर रडतात.

नोकरीबद्दल, कारण शेवटी घरचे तेच विचारतात. आमच्या आधीच्या तुकडीतली बरीच मंडळी पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत गेली. काही कांदळवन संवर्धनाच्या प्रकल्पांत, बहुतेक कंत्राटी. एकदोघं पीएचडीकडे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जागांसाठी ही पदवी चालेल असं गृहीत धरू नका, प्रत्येक जाहिरातीतली पात्रता वाचा. सल्लागार कंपनीत पगार बरा, पण बंदर किंवा रस्ता व्हावा असं ज्याला वाटतं तोच अहवालाचे पैसे देतो, हे पहिल्या दिवशीच ध्यानात येतं. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासारखा ७६,२२० कोटींचा प्रकल्प वर्गात अभ्यासाला असतो तेव्हा वाद घालायला मजा येते. उद्या त्याच तोडीच्या अहवालात आपली सही असेल तेव्हा काय, यावर आमच्या वर्गात अजून भांडणं चालू आहेत.

भूगोलाच्या पदवीधरांनी घाबरू नये, जीआयएसमध्ये तेच पुढे असतात. ज्यांना माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ सागरी जीवशास्त्र घ्यावं.

आणि प्रबंधासाठी मच्छीमारांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर वेळापत्रक विद्यापीठाचं नाही, समुद्राचं धरा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि बोलायला वेळ असतो. नेमकी तेव्हाच विभागात सुट्टी किंवा प्रवेशाची गडबड. मार्गदर्शकांकडून पत्र मे महिन्यातच घेऊन ठेवा. ऑगस्ट उजाडला की तांडेल तुम्हाला बंदरावर भेटेल तो डिझेल भरताना, आणि तेव्हा तो एक ते पाच गुणसुद्धा देणार नाही.