जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला हाफ की फुल?

पावसाळ्यात नोंदणी उघडली की धावणाऱ्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. ज्यांची एखाद-दुसरी हाफ झालेली आहे त्यांना सगळे डिवचायला लागतात, "मग, यंदा फुल ना?" हाफ म्हणजे अकरावी आणि फुल म्हणजे बारावी, एक झाली की दुसरीला बसायचंच, असा एकूण सूर असतो. मला हे पटत नाही. २१ किलोमीटरची हाफ आणि ४२ किलोमीटरची फुल या दोन वेगळ्या शर्यती आहेत. त्यांची तयारी वेगळी, त्रास वेगळा, आणि मुंबईत तर त्या चक्क वेगळ्या हवेत धावल्या जातात.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण नोंदणी करताना तो कुणाच्या डोक्यात नसतो.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. हौशी धावपटूंची फुल पहाटे पाचच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते, हाफ साधारण त्याच वेळी माहीमहून. मार्गात अधूनमधून बदल होतात, पण ढोबळ आखणी तीच राहत आली आहे. हाफवाले वांद्र्याकडून सी लिंकवर चढतात आणि वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह असं करत सीएसएमटीकडे येतात. फुलवाले दक्षिणेतून निघून वांद्र्यापर्यंत जातात आणि परत येतात. म्हणजे पेडर रोडचा चढ त्यांना दोनदा लागतो, आणि दुसऱ्यांदा तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो.

आता घड्याळ लावून बघा. हाफला सात मिनिटांचा पेस (म्हणजे दर किलोमीटरला सात मिनिटं) धरला तर पावणेसातच्या आसपास तुम्ही पेडर रोडवर असता. जानेवारीत मुंबईत सूर्योदय सव्वासातला होतो. म्हणजे शर्यतीतला सगळ्यात वाईट चढ अंधारात, गारव्यात उरकला, आणि साडेसातच्या सुमाराला मेडल गळ्यात. फुलला साडेसात मिनिटांचा पेस धरला तर परतीचा पेडर रोड साधारण साडेनऊला येतो आणि शेवट सव्वादहाच्या पुढे. तीन तास उन्हात. तुमचा पेस जितका संथ तितकं हे ऊन जास्त. परदेशातल्या थंड शहरांसाठी बनवलेला ट्रेनिंग प्लॅन डाउनलोड करताना हे कुणी सांगत नाही.

पेडर रोडचं ते दुसरं दर्शन एकदा प्रेक्षक म्हणून तरी घ्याच. चढ तसा फार नाही, एरवी टॅक्सीत बसून लक्षातही येत नाही. पण साडेनऊला तिथं निम्मे लोक चालत असतात. कुणी दुभाजकाला धरून पोटरी ताणतंय, कुणी फूटपाथवर बसून बूट सैल करतंय, टोप्यांवर घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले. दोन्ही बाजूंना आसपासच्या इमारतींमधली माणसं सोललेली संत्री, बिस्किटं, मिठाच्या पुड्या आणि दुखण्यावरचे स्प्रे घेऊन उभी. "बस, आगे उतार है," असं ओरडणारा एक तरी भेटतोच. तो खोटं बोलत नाही, केम्प्स कॉर्नरकडे उतार आहेच. फक्त पस्तीस किलोमीटर धावलेल्या मांड्यांना उतार चढापेक्षा जास्त सलतो.

टाकीत किती आहे

४२ म्हणजे २१ गुणिले दोन, हा हिशोब कागदावर बरोबर आणि शरीरात चूक. धावताना ढोबळमानानं दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला हाफला चौदाशेच्या आसपास कॅलरी लागतात, फुलला सत्तावीसशेच्या. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन जेमतेम दीड ते दोन हजार कॅलरी पुरवतं. चरबीही जळत असते, पण ती सावकाश जळते, आणि पेस वाढवला की तिचा वाटा कमी होतो. म्हणून हाफ घरच्या साठ्यावर निभते आणि फुलला तीसच्या पुढे पाय अचानक शिशाचे होतात. इंग्रजीत याला वॉल म्हणतात, आपल्या ग्रुपांमध्ये "तिसाला भिंत लागली" असंच बोलतात.

याचा तयारीवर थेट परिणाम होतो. हाफला आदल्या रात्री वरण-भात, पहाटे केळं आणि वाटेत एखादं जेल (धावताना गिळायचं साखरेचं दाट पाकीट) किंवा दोन-चार खजूर एवढ्यावर भागतं. फुलला धावता धावता खाणं हा स्वतंत्र सराव आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे साधारण दीड ते अडीच जेल, आणि तेही हलणाऱ्या पोटाला पचायला हवं. बऱ्याच जणांचं पोट पहिल्यांदा साफ नकार देतं. त्यामुळे शर्यतीत जे खाणार तेच प्रत्येक लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब सरावाला, खाऊन बघावं लागतं. चिक्की चविष्ट असते, पण धापा टाकताना चावायची म्हणजे घशात अडकते. राजगिऱ्याचा लाडू तर त्या वेळी अजिबात नको.

पाण्याचंही तसंच. पाच-पाच तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. हाफच्या अडीच तासांत हा धोका फारसा उभा राहत नाही.

कॅलेंडर

खरा फरक इथं आहे. बहुतेकांची फुल पायांमुळे नाही, रविवारांमुळे बिघडते.

सलग दहा किलोमीटर आरामात धावता येत असतील तर हाफला दहा-बारा आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस, एकूण तीस ते चाळीस किलोमीटर, सगळ्यात मोठा लाँग रन १६ ते १८ चा. नोव्हेंबरात गंभीरपणे सुरुवात केली तरी चालतं, फक्त त्याआधी पाय हलते हवेत. फुलला मात्र सोळा ते अठरा आठवडे लागतात, तेही आधीच एक हाफ धावता येण्याइतकी तयारी असेल तर. तिसऱ्या रविवारपासून उलट मोजलं तर सुरुवात सप्टेंबरात येते, गणपतीच्या आगेमागे. आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर, आणि तीसच्या वरचे दोन-तीन लाँग रन. शेवटचा मोठा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे नेमका डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, जेव्हा सगळं ऑफिस लोणावळ्याला किंवा अलिबागला गेलेलं असतं.

मध्ये काय काय येतं बघा. ऑक्टोबर हीट. हवेतच एवढी आर्द्रता की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्याच पेसला नाडी बरीच वर चढलेली दिसते. हाफवाले या काळात आठ-दहा किलोमीटरवर भागवू शकतात. फुलवाल्याचे वीस-बावीसचे रन याच महिन्यात पडतात. उपाय एकच, घड्याळातला पेस विसरायचा आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच धावायचं. मग दिवाळी. फराळाचं मी काही बोलत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि रिसेप्शनं बहुतेक शनिवारी रात्री.

साडेसातच्या पेसनं ३२ किलोमीटरला चार तास लागतात. आठच्या आत संपवायचं तर चारला धावायला लागायचं, म्हणजे तीनला उठायचं. तुम्ही डोंबिवली किंवा विरारला राहत असाल तर मरीन ड्राइव्हला वेळेत पोचवेल अशी लोकलच नाही, म्हणून घराजवळचा रस्ता शोधायचा किंवा चारचाकीवाला सोबती. घरी परत आल्यावर आंघोळ, जेवण आणि मग दुपारभर आडवे. तो रविवार घरच्यांच्या हिशोबात नसतोच. शिवाय बुधवारचा बारा-चौदाचा रन आहे, तो संपवून ८:०५ ची लोकल पकडायची. असे चार महिने. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी आईवडील आहेत, त्यांनी नोंदणीच्या बटणाला हात लावण्याआधी हे घरी बोलून घ्यावं.

धावणार कुठं

हाफच्या सरावाला मुंबई पुरेशी आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मरीन ड्राइव्ह नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास. प्रियदर्शिनी पार्कात ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, वेगाच्या सरावाला उत्तम. चढासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, ज्याला तोड नाही. तिथं जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर होतात आणि पेडर रोड मग पोरखेळ वाटतो. उद्यानाच्या फाटकाच्या वेळा मात्र पाळाव्या लागतात, त्यामुळे चारला सुरू करायचा तीसचा रन तिथं बसत नाही.

तीसच्या रनला एकतर मरीन ड्राइव्हच्या चार-पाच चकरा, ज्या डोक्याला पायांपेक्षा जास्त थकवतात, किंवा शिवाजी पार्क ते नरिमन पॉइंट आणि परत. सी लिंक शर्यतीच्या दिवसाखेरीज पायी जाणाऱ्यांना बंदच असतो, त्याचा सराव करता येत नाही. पहाटे चारला रस्त्यावर भटकी कुत्री आणि बेफाम गाड्या असतात. बायकांना एकटीनं त्या वेळी निघणं नको वाटतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून माझं मत असं, की हाफची तयारी एकट्यानं होते, पण फुलसाठी ग्रुप हवाच. प्रशिक्षकाचे पैसे देणारा असो की चारचौघांचा फुकटचा, दर पाच किलोमीटरला कुणीतरी पाणी घेऊन उभं असणं तिसाव्या किलोमीटरला फार मोलाचं असतं.

खर्चाचं थोडक्यात. धावण्याचे बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतात. हाफच्या तयारीत एक जोड सहज निघतो. फुलच्या तयारीत तो डिसेंबरात मान टाकतो, आणि नवा जोड शर्यतीआधी निदान तीन-चार आठवडे पायात मुरायला हवा.

दुखापतींना जास्त जागा द्यायला हवी, पण मुद्दा सरळ आहे: नडगी, टाच, गुडघ्याची बाहेरची बाजू ही नेहमीची गिऱ्हाइकं आणि कारण बहुतेक वेळा एकच, किलोमीटर फार लवकर वाढवणं. हाफमध्ये दोन आठवडे बुडाले तरी गाडी रुळावर येते. फुलच्या तयारीत नोव्हेंबरातले दोन आठवडे गेले तर तीसचे रन कोंबायची घाई होते, आणि त्या घाईतच माणसं फिजिओकडे पोचतात. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्ट सोडा आणि जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करा, रोज. जिम नसेल तरी एवढं होतं.

मग कुणी काय घ्यावं

दोन-तीन हाफ झालेल्या आहेत, शेवटची धावून संपवली आणि बुधवारी पुन्हा पळावंसं वाटलं, वर्षभरात मोठी दुखापत नाही, आणि सप्टेंबर ते डिसेंबरचे रविवार खरोखर मोकळे आहेत: फुल घ्या. फुलच्या नोंदणीला आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र मागतात, ते शोधून ठेवा. पहिल्या फुलला वेळेचं लक्ष्य ठेवू नका. पहिले वीस किलोमीटर कंटाळवाणे वाटतील इतके संथ जाऊ द्या.

पहिलीच शर्यत असेल तर हाफसुद्धा घाईची ठरू शकते, दहा किलोमीटरची शर्यतही आहे, आणि तिला कुणी हसत नाही.

बाकी सगळ्यांना, म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांना, मी हाफच सांगेन. पण ती उरकायची म्हणून नाही, शर्यत म्हणून. आठवड्यातला एक रन टेंपोचा (दमवणारा, पण टिकवता येईल असा वेग), एक चढाचा, आणि गेल्या वेळेपेक्षा पाच-दहा मिनिटं कमी करायचं लक्ष्य. चाळीस किलोमीटरच्या आठवड्यात हे बसतं. लांब अंतर म्हणजे वरचा वर्ग हा समज मोडायला ललिता बाबर पुरेशा आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ही मुलगी मुंबई मॅरेथॉनच्या फुलमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिली आली, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे (अडथळ्यांच्या शर्यतीकडे) वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली.

फुलची नोंदणी आधीच करून बसला असाल, तर मधल्या परीक्षा ठेवा. ऑक्टोबर संपेपर्यंत चोवीसचा एक रन आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तीसचा एक तरी व्हायला हवा. दोन्ही हुकले तर त्या रविवारी बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घरी ठेवा. गेलेले पैसे फिजिओच्या बिलापेक्षा कमीच असतात. आणि मित्राच्या नावाच्या हाफच्या बिबवर धावायचा विचार करू नका. रस्त्यात काही झालं तर वैद्यकीय पथकाच्या हातात तुमचा नाही, त्याचा रक्तगट आणि त्याच्या घरचा फोन नंबर जातो.