पडायला शिकताना: ज्युदोच्या वर्गातील अकरा महिने

गेल्या वर्षी जूनमध्ये मी नाशिकमधील एका ज्युदो वर्गात नाव नोंदवले, तेव्हा मला ४६ वर्षे पूर्ण झाली होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वी कार्यालयाच्या जिन्यावर माझा पाय घसरला होता. तोल जाताच मी सवयीने हात पुढे टेकला, मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. हाड जुळले, पण जिना उतरताना कठडा घट्ट धरण्याची आणि ओली फरशी दिसली की थबकण्याची सवय मात्र गेली नाही. माझी मुलगी आधीपासून याच वर्गात जात होती. तिला आणायला गेले असता मी मोठ्या माणसांना एकामागून एक पडताना आणि लगेच उठताना पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी सरांशी बोलले. पडण्याची भीती जावी, एवढाच माझा हेतू होता. अकरा महिन्यांत आणखी पुष्कळ काही घडले, आणि या वयात असे काही सुरू करावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी ते सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. वर्ग सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असा आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी सात ते साडेआठ असतो. महिन्याचे शुल्क १,२०० रुपये आहे. ज्युदोचा जाड सुती पोशाख, ज्याला सगळे ‘गी’ म्हणतात, मला २,२०० रुपयांना पडला. हे कापड पहिल्या दोन धुण्यांत चांगलेच आटते, त्यामुळे अंगाच्या मापाचा गी घेणे ही चूक ठरते. माझ्या बाह्या ऑगस्टपर्यंत मनगटाच्या बऱ्याच वर गेल्या होत्या. पावसाळ्यात तो दोन दिवसांत वाळत नाही, आणि दमट गी घालून मॅटवर उतरणे हे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही त्वचेला अपायकारक असते. स्त्रिया गीच्या आत पांढरा टी-शर्ट घालतात. नखे कापलेली असावी लागतात, अंगावर कोणताही दागिना चालत नाही, आणि मॅटच्या कडेपर्यंत चप्पल घालूनच यावे लागते, म्हणजे बाहेरची धूळ आत येत नाही. मंगळसूत्र काढून ठेवण्याविषयी काही नव्या स्त्रियांना संकोच वाटतो. सर त्यांना केवळ एवढेच सांगतात की, समोरच्याचे बोट त्यात अडकले तर दोघांनाही इजा होईल.

पहिले सहा आठवडे मला एकही डाव शिकवला नाही. केवळ ‘उकेमी’, म्हणजे पडण्याचे तंत्र. आधी पाठीवर झोपून, मग बसून, मग उकिडवे होऊन आणि शेवटी उभ्याने. पाठीमागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके आपटत नाही. श्वास सोडायचा. दोन्ही हात शरीरापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग एकाच वेळी मॅटवर आपटायचा, म्हणजे आघात एका सांध्यावर न येता पसरतो. हात टेकायचा मात्र नाही. जिन्यावर मी जे केले होते, नेमके तेच इथे सर्वांत आधी मोडून काढतात, कारण अंगाचा सगळा भार ताठ हातावर आला की मनगट, कोपर किंवा खांदा यांपैकी काहीतरी जाते. ४६ वर्षे जपलेली सवय सहा आठवड्यांत मोडत नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी माझा हात आपोआप मागे जायचा आणि सर शांतपणे म्हणायचे, “ताई, हात नको. पुन्हा.” ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी उभ्याने मागे पडले आणि हात मागे गेला नाही हे मला पडून झाल्यावर कळले. त्या दिवशी रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

माझे माहेर कराडजवळचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव आमच्याच तालुक्यातील गोळेश्वरचे, आणि त्यांचे नाव आमच्या घरी देवाच्या नावासारखे घेतले जाई. भाऊ, चुलतभाऊ तालमीत जात. हळद, ताक आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास त्यांच्या अंगाला येत असे. आम्हा मुलींनी तालमीचा उंबरठाही ओलांडला नाही. त्यामुळे सरांनी मला पहिल्यांदा ‘इप्पोन सेओई नागे’ हा डाव दाखवला, ज्यात समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे टाकतात, तेव्हा भावांच्या तोंडून ऐकलेली धोबीपछाड माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ज्या गोष्टीचे केवळ वर्णन ऐकत मी मोठी झाले, तिचे वजन या वयात स्वतःच्या पाठीवर घेता आले, याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही. भावाला फोन करून सांगितले, तेव्हा त्याने आधी कमरेची उंची विचारली. “समोरच्याच्या कमरेखाली गेलीस का? नाहीतर उचलणार कशी?” आयुष्यात प्रथमच आम्ही दोघे कुस्तीविषयी बरोबरीने बोललो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहावेसे वाटले, तिच्याविषयी. ज्युदोत डाव टाकणाऱ्याला ‘तोरी’ आणि पडणाऱ्याला ‘उके’ म्हणतात. फेकताना तोरीचा एक हात समोरच्याची बाही ओढत असतो. तोल बिघडवण्यासाठी ते ओढणे लागते, हे प्रत्येकाला पहिल्या दिवशी समजते. परंतु समोरचा हवेत गेल्यानंतरही ती बाही सोडायची नसते. उलट ती वर खेचून धरायची असते, म्हणजे पडणारा डोक्यावर किंवा खांद्यावर न येता कुशीवर येतो आणि त्याचा दुसरा हात मॅट आपटायला मोकळा राहतो. म्हणजे ज्याला आपण पाडतो, त्याचे पडणे सुखरूप होईपर्यंत त्याची जबाबदारी आपल्या हातात असते, अगदी शब्दशः. आमच्या वर्गात डाव साधला की नाही यापेक्षा बाही धरून ठेवली की नाही यावर सर जास्त बोलतात. एका तगड्या मुलाने घाईत माझी बाही सोडली, तेव्हा त्याला त्या दिवशी पुढे एकही फेक करू दिली नाही. तासाच्या उरलेल्या वेळात तो केवळ उके होऊन पडत राहिला.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान या ज्युदोशाळेची स्थापना केली. ते व्यवसायाने शिक्षक होते, आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतील धोकादायक डाव बाजूला ठेवून, रोज करता येईल आणि ज्यात जोडीदार दुसऱ्या दिवशीही धडधाकट परत येईल, अशी शिक्षणपद्धती त्यांनी घडवली. त्यांची दोन सूत्रे आमच्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेली आहेत: ‘सेइर्योकु झेन्यो’, म्हणजे शक्तीचा योग्य वापर, आणि ‘जिता क्योएइ’, म्हणजे आपले आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्रच. भिंतीवरची वाक्ये मी शाळेपासून पुष्कळ वाचली आहेत आणि विसरलेही आहे. हे दुसरे सूत्र मात्र डोक्यात राहिले, कारण ते दर संध्याकाळी बाहीच्या कापडातून हाताला जाणवते.

चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ सर्वांत अवघड गेला. ‘रांदोरी’ म्हणजे मोकळी झुंज सुरू झाली आणि मी दोन्ही हात ताठ करून समोरच्याला दूर लोटत राहिले. ताठ हातांनी कोणी पाडत नाही असे वाटते, पण त्यामुळे आपल्यालाही काहीच करता येत नाही आणि दोन मिनिटांत दम संपतो. याच काळात माझ्या बरगडीला दुखापत झाली. एका कॉलेजकुमारीने मला ‘केसा गातामे’ या पकडीत दाबून धरले होते. स्पर्धेत अशी पकड २० सेकंद टिकली की पूर्ण गुण मिळतो, आणि ती २० सेकंद आपण काढायचीच अशा हट्टाने मी दुखत असतानाही मॅटवर दोनदा थाप मारून सुटका मागितली नाही. तीन आठवडे खोल श्वास घेणे कठीण झाले. ती मुलगी रडवेली झाली होती. सरांनी मला बाजूला बोलावून सांगितले, “तुम्ही थाप मारली नाहीत, तर तिला कसे कळणार? थांबवणे हे तुमचे काम होते.” माझी सोशिकता हा माझा गुण आहे असे मी आजवर समजत आले होते, तिचा भार दुसऱ्यावर पडतो, हे मला त्या दिवशी दिसले. त्यानंतर घरीही मी काही गोष्टी वेळेवर बोलू लागले आहे. सासूबाईंच्या औषधपाण्याच्या वेळा आता दिरांनीही वाटून घेतल्या आहेत.

आमच्या वर्गात एक दृष्टिहीन तरुण आहे. अंधांच्या ज्युदोत दोन्ही खेळाडू आधी एकमेकांचा गी धरून उभे राहतात आणि मगच झुंज सुरू होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी ६० किलो वजनगटात जे कांस्यपदक मिळवले, ते भारताचे पॅरालिम्पिकमधील ज्युदोचे पहिले पदक होते, आणि त्या दिवसापासून या तरुणाचे सरावातील सातत्य पाहण्यासारखे आहे, असे जुने लोक सांगतात. माझे ताठ हात त्याने सोडवले. त्याने मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, “काकू, तुम्ही हात ताठ केलेत की मला तुम्ही कुठे जाणार ते आधीच कळते.” डोळे मिटल्यावर मला प्रथम जाणवले की समोरच्याने पाऊल उचलण्याआधी त्याच्या बाहीतील ताण बदलतो. आठवड्यातून एकदा आम्ही दहा मिनिटे असाच सराव करतो. त्याला बसथांब्यापर्यंत सोडायचे काम आम्ही पाळीपाळीने करतो. अर्थात पावसात रस्त्यावरचे खड्डे त्यालाच आमच्यापेक्षा चांगले पाठ असतात.

त्रुटीही सांगायला हव्यात. पावसाळ्यात आमच्यातील चौघांना नायटा झाला. मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जात नव्हती, हे त्यामागचे उघड कारण होते. आम्ही तक्रार केल्यावर पुसण्याची पाळी विद्यार्थ्यांतच लावून घेतली गेली आणि तेव्हापासून तो त्रास झालेला नाही. पण तक्रारीची वाट पाहायला नको होती. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोली इतकी लहान आहे की तिघी एकदम उभ्या राहू शकत नाहीत. मोठ्या वयाच्या नवशिक्यांसाठी वेगळी वेळ नाही. ज्यांच्या गुडघ्यांची किंवा पाठीच्या मणक्यांची तक्रार आहे, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे येऊ नये. बोटांचे सांधे दुखतात आणि त्यांना पट्टी बांधण्याची सवय करून घ्यावी लागते. ज्यांना महिन्याभरात स्वसंरक्षण शिकायचे आहे, त्यांचीही इथे निराशा होईल. याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे दर तीन महिन्यांनी शुल्क भरून नवा पट्टा मिळण्याची हमी होती. इथे मला पिवळ्या पट्ट्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले, आणि परीक्षेत निम्मे गुण उके म्हणून नीट पडण्याचे होते.

जानेवारीत साधारण माझ्याच वयाची एक स्त्री वर्गात आली. पहिल्या दिवशी ती मॅटच्या कडेला भिंतीला हात लावून उभी होती. सरांनी मला तिची जोडीदार केले. मार्चमध्ये ती ‘ओ गोशी’ हा कमरेवरून टाकण्याचा डाव शिकू लागली, तेव्हा एका संध्याकाळी मी तिच्यासाठी ४० वेळा पडले. पहिल्या पंधरा-वीस वेळा तिने घाबरून मला मध्येच सोडून दिले. त्यानंतर कधीतरी तिची कंबर खाली गेली, माझे पाय सुटले, आणि मी पडत असताना माझी बाही वर ओढली गेल्याचे मला स्पष्ट जाणवले. तिला ते सांगितले, तर ती म्हणाली, “मला वाटले तुम्हाला लागेल, म्हणून धरून ठेवले.”

पुढील वर्षाचे शुल्क मी भरले आहे. पावसाळ्याच्या आधी दुसरा गी घ्यायचा आहे, एक वाळत असताना एक घालायला, आणि या वेळी दोन मापे मोठा.