गरोदरपणात मासळी: सुरमई की बांगडा?

सुनेला दिवस गेले की ठाणे-नवी मुंबईतल्या मासे खाणाऱ्या घरांत तिच्या ताटात सुरमईची जाड तुकडी आवर्जून पडते. त्यामागची माया मोलाचीच. तरीही या नऊ महिन्यांत मी बांगड्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पारा.

समुद्रातला पारा बारीक जिवांतून लहान माशांत आणि तिथून मोठ्या माशांत साठत जातो. सुरमई दुसरे मासे खाऊनच मोठी होते, म्हणून तिच्यात तो जास्त. आईच्या रक्तातून तो वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जातो आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करू शकतो. मांसातच मुरलेला असल्याने तळा, उकळा, आगळ लावा, तो निघत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, सुरमईच्याच कुळातला किंग मॅकरेल गरोदर बायकांनी टाळायच्या यादीत ठेवला आहे. मोरी म्हणजे शार्क, तीही त्याच यादीत. आधी सुरमई खाल्ली असेल तर घाबरू नका, फक्त पुढे नेम ठेवू नका.

बांगडा प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर जगतो, आकाराने लहान, त्यामुळे पारा कमी. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं ओमेगा-३ मात्र त्यात भरपूर, आणि खिशालाही तो परवडतो. मांदेली आणि कोळंबीही चालेल. अशी कमी पाऱ्याची मासळी आठवड्यात दोन-तीनदा, मिळून २२५ ते ३४० ग्रॅम, नीट शिजवून खावी.

बांगड्याची अट एकच, तो ताजा हवा. बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामाइन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळणीकडून घ्या नाहीतर ठाण्याच्या बाजारातून, कल्ले उघडून लाल आहेत ना ते बघाच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हा ताज्याची खात्री नसेल तर अंडी आणि डाळी बऱ्या.

ठाण्याच्या खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं मात्र मी सरळ नको म्हणेन. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत गेलंय, आणि शिंपल्यातला जीव पाणी गाळूनच जगतो; पाण्यातली घाण त्याच्या अंगात साठत जाते.

सुकट आणि सुक्या बोंबलांत मीठ फार. रक्तदाब चढत असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच खा.