एलईडी पट्टी २० वॅट: उजेड फुल्ल, पण एसीच्या खोलीत लावू नका

पाचपैकी अडीच स्टार देतेय आणि ते अडीच पण निव्वळ उजेडासाठी. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतली, बॉक्सवर कंपनीचं जे काय नाव आहे ते आधी कुठं ऐकलेलं नाही आणि इथं लिहून उपयोग पण नाही, कारण असल्या पट्ट्या दहा नावांनी मिळतात. चार फुटी, कूल व्हाईट, १६० ला एक, जोडी घेतली तर ३००. चोक नाही स्टार्टर नाही, दोन स्क्रू मारले की काम झालं. उजेड खरंच भारी, जुन्या ट्यूबपेक्षा जास्त, खोली एकदम लख्ख.

आता खरी गोष्ट. एक पट्टी बेडरूममध्ये लावली, नेमकी एसीच्या वर, कारण जुन्या ट्यूबचा पॉईंट तिथंच होता. आणि त्या दिवसापासून एसीचा रिमोट चालेना. म्हणजे अगदी बंद नाही, एसीच्या खाली जाऊन हात वर करून दाबला तर टूं वाजतं, बेडवरून दाबला तर काही नाही. सेल बदलले, तरी तेच. सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे रिमोटच्या स्क्रीनवर २६ दिसतंय आणि एसी १८ वरच फुंकतोय! कारण हा रिमोट फक्त सांगतो, एसीकडून त्याला परत काही कळत नाही, त्याच्या स्क्रीनवर दिसतं ते आपण दाबलेलं, एसीने ऐकलेलं नाही. टूं आवाज आला तरच पोचलं म्हणायचं. बाहेर सोलापूरचा मे महिना, पारा ४३ ला टेकलेला, आणि आमच्या घरात माणसं चादरी गुंडाळून झोपलेली.

एसीवाल्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटं बघितलं न बघितलं आणि सांगितलं सेन्सर गेलाय, डिस्प्ले बोर्ड बदलावा लागेल, २२०० होतील. तो एसीवाला आला होता भर दुपारी, लाईट बंद होती, आणि त्याच्यासमोर रिमोट बेडवरून व्यवस्थित चालला हो! तरी म्हणे बोर्डच. मी म्हटलं राहू द्या, सांगते नंतर.

मग आसरा चौकाच्या बाजूला एक वयस्कर इलेक्ट्रिशियन काका आहेत त्यांना फोन केला. फोनवरच म्हणाले, "बोर्ड गेलाय म्हणलालेत का ते? ताई, आधी ती नवीन लाईट बंद करून बघा की." बंद केली, बेडवरून दाबलं, टूं. चालू केली, गप्प. परत बंद, टूं. पोरगं खुश झालं, त्याला खेळच मिळाला.

संध्याकाळी काका आले ते एक पुठ्ठा घेऊन. पट्टी आणि एसीच्या सेन्सरच्या मध्ये पुठ्ठा धरला, उजेड पूर्ण अडवला, आणि मला रिमोट दाबायला सांगितला. नाही चालला. मग पट्टी भिंतीवरून काढून लांब वायर जोडून दाराजवळ नेली, चालू ठेवूनच, तर रिमोट चालला. म्हणाले त्रास उजेडाचा नाही, आतल्या ड्रायव्हरचा आहे (घरातली वीज एलईडीला हवी तशी करून देणारं सर्किट), जवळ असला की नॉईज, म्हणजे विजेचा गोंधळ, मारतो. पट्टीचं टोक उघडून दाखवलं, इवलंसं सर्किट. म्हणाले चांगल्या मालात आत येणाऱ्या लाईनवर फिल्टरची कॉईल आणि कपॅसिटर असतो, इथं तो खर्चच वाचवलाय.

मला हे पटायला वेळ लागला म्हणून जरा वाचलं, तुम्हाला पण थोडक्यात सांगते. रिमोट डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड मारतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा, आणि तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे ३८ किलोहर्ट्झ (काही कंपन्यांचे ३६ किंवा ४० पण असतात). एसीतला सेन्सर तेवढ्याच लुकलुकीकडे लक्ष देतो, म्हणून साधं ऊन किंवा जुना पिवळा बल्ब त्याला सहसा फसवू शकत नाही. पण स्विचिंगवाले ड्रायव्हर (वीज भराभर चालू-बंद करणारे) आणि इलेक्ट्रॉनिक चोक पण बऱ्याचदा सेकंदाला वीस-पन्नास हजार वेळांच्या आसपासच चालतात, म्हणजे ह्याच गल्लीत. सेन्सरला सतत गोंधळ ऐकू आला की तो आपोआप आपली संवेदनशीलता कमी करतो, गर्दीच्या लग्नात माणूस लांबच्या हाका सोडून फक्त कानाशी बोललेलं ऐकतो तसं. म्हणूनच जवळून चालतं आणि लांबून नाही.

मग टीव्हीचा रिमोट त्याच खोलीत का चालतो, हा माझा पहिला प्रश्न होता. टीव्हीचा रिमोट एका बटणाचा छोटासा कोड पाठवतो, आवाज वाढव, संपलं. एसीचा रिमोट दरवेळी सगळं पाठवतो, टेम्परेचर, मोड, फॅन, स्विंग, टायमर, भला मोठा कोड, आणि मध्ये एक तुकडा जरी बिघडला तरी एसी अख्खा निरोप फेकून देतो. शिवाय आमचा टीव्ही समोरच्या भिंतीवर आहे, पट्टीपासून लांब. आणि हे काय गुपित नाही, बऱ्याच एसीच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खोलीत इलेक्ट्रॉनिक स्टार्टची ट्यूब असेल तर रिमोट चालणार नाही कदाचित. मॅन्युअल वाचतो कोण म्हणा.

पट्टी परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "लाईट लागलालीय का नाही? मग फॉल्ट कसला ओ?" त्याच्या बाजूने बरोबरच आहे. पैसे परत नाहीत, बदलून दुसरी नाही. दुकानाला वेगळा स्टार द्यायचा असता तर एक दिला असता, तो पण त्याने गुलकंदाचं पान पुढे केलं म्हणून. शेवटी ती पट्टी स्वयंपाकघरात लावली, तिथं मस्त चाललीय, भाकरी थापताना सावली पडत नाही. बेडरूममध्ये नावाजलेल्या कंपनीची २८० ची आणली आणि पॉईंट सरकवून एसीच्या समोरच्या भिंतीवर घेतला. आता बेडवर लोळत टूं. काकांनी पॉईंटचे ३५० घेतले, पुठ्ठ्याच्या तपासणीचे घेतले नाहीत, मी देत होते तरी.

घेणाऱ्यांनी एवढंच करा. एकच पट्टी आणा, स्क्रू मारायच्या आधी हातात धरून चालू करा आणि रिमोट दाबून बघा, एसी किती लांबून ऐकतो ते. बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर नंबर, म्हणजे R ने सुरू होणारा नोंदणी नंबर, आहे का बघा, तो सेफ्टीचा आहे, नॉईज नसल्याची गॅरंटी नाही, पण नंबरच नसेल तर आत काय असेल देव जाणे. आणि रिमोटवरच संशय असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरून बटण दाबा, जांभळट ठिपका चमकला म्हणजे रिमोट ठणठणीत आहे. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे लगेच नवीन रिमोट मागवू नका. आणि एसीवाला लाईट बंद असताना तपासून बोर्ड सांगत असेल तर त्याला रात्री बोलवा.

ह्यात एक उपकथा आहे. सासऱ्यांच्या खोलीत अजून जुना सीएफएल आहे, आणि तिथं वेगळीच तऱ्हा: लाईट लावल्यावर पहिली एक-दोन मिनिटं रिमोट चालत नाही, मग आपोआप चालायला लागतो. काकांनी तिथं पण पुठ्ठा धरला, आणि तिथं मात्र पुठ्ठ्याने फरक पडला! सीएफएल थंड असताना आतला आर्गॉन वायू इन्फ्रारेड जास्त फेकतो, गरम होऊन पारा नीट काम करायला लागला की ते कमी होतं. म्हणजे इथं खरोखर उजेडच भांडतोय. काका म्हणाले साधा एलईडी बल्ब टाका, पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतंच, फक्त ड्रायव्हर बरा बघून घ्या. बल्ब आणला पण, टेबलावर पडलाय. सासरे म्हणतात चालू बल्ब काढायचा नाही, पैसे घातलेत त्याला. ते आता अंधारात आधी एसी लावतात आणि मग लाईट.